सिमअर्थ: ग्रह एकतर गोठतो नाहीतर उकळतो, नेमका हात लावायचा कुठे?

मातीचा_गोळा

सिमअर्थ खेळणारं कोणी उरलंय का इथे? १९९० चा मॅक्सिसचा, अख्खा ग्रह सांभाळायचा गेम, सिमसिटीवाल्या (शहर वसवायचा गेम) विल राइटचाच. डॉसबॉक्सवर (जुने डॉस गेम आताच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) टाकलाय. सिमसिटी बऱ्यापैकी जमतो म्हणून म्हटलं हाही जमेल, पण हे प्रकरणच वेगळं निघालं राव.

होतं काय की रँडम ग्रह घेतो, सुरुवातीला सगळं मस्त, गोळा थंड होतो, समुद्र भरतात, एकपेशीय जीव येतात, मग जमिनीवर हिरवं पसरायला लागतं आणि मी खूश. आणि नेमकी तिथूनच घसरण चालू. तापमानाचा ग्राफ खाली खाली जातो, ध्रुवावरचा बर्फ विषुववृत्ताकडे सरकायला लागतो, मी ॲटमॉस्फिअरच्या पॅनलवर जाऊन ग्रीनहाउस इफेक्टचा स्लायडर वर करतो, काही फरक नाही, अजून वर करतो, सोलर इनपुट पण वाढवतो, तरी ढिम्म, आणि मग एकदम सगळा बर्फ गायब, जरा हुश्श म्हणेपर्यंत निम्मा ग्रह वाळवंट आणि मासे साफ. मग उलटे स्लायडर फिरवले की परत हिमयुग. मधल्यामध्ये ग्रह थांबतच नाही कुठे.

आणि तो गायाचा चेहरा! ती वेगळी विंडो आहे ना, ग्रहाला डोळे-तोंड असलेली, ती माझ्याकडे असं तोंड पाडून बघते की बंदच करून टाकली.

तर विचारायचं हे की याच्या आत खरंच काही लॉजिक आहे का नुसतं रँडम फासे पडतायत? आणि लॉजिक असेल तर पहिला हात कुठल्या स्लायडरला लावायचा? मॅन्युअल दोनशेच्या वर पानांचं आहे, चाळलं, पण भूगर्भशास्त्राचं पुस्तक वाचतोय असं वाटायला लागलं म्हणून ठेवून दिलं.

---

जुना_डॉस

लॉजिक आहे, भरपूर आहे, तुझ्या लक्षात येत नाहीये कारण तू फार जोरात पळवतोयस. आधी डॉसबॉक्सचा स्पीड कमी कर. कंट्रोल + एफ११ दाबत राहा, सायकल्स कमी होतात (एफ१२ ने वाढतात). हा गेम ज्या मशीनसाठी लिहिला त्यांच्यावर तो इतका रांगायचा की लोक रात्रभर चालू ठेवून सकाळी काय झालं ते बघायचे. आताच्या प्रोसेसरवर मोकळा सोडला तर तू एक स्लायडर पकडेपर्यंत खाली एखादं युग संपलेलं असतं. तुला वाटतं "काही फरक नाही" आणि "एकदम सगळं गायब", त्यातलं निम्मं इथेच आहे.

उरलेलं निम्मं म्हणजे तू तापमानाचा ग्राफ बघून स्लायडर हलवतोयस. तापमान हे शेवटी कळतं. त्याच्या आधी हवेत काय चाललंय ते बघ. एअर सॅम्पलचा ग्राफ उघड आणि कार्बन डायऑक्साइडवर (सीओटू) नजर ठेव. जमिनीवर हिरवं पसरलं की ते सीओटू खायला लागतं, ग्रहाचं पांघरूण पातळ होतं, आणि थंडी तिथून सुरू होते. म्हणजे तुझ्या ग्रहाला गारठा सूर्यामुळे आलेलाच नाहीये, तुझ्याच झाडांमुळे आलाय. मग औषध सोलर इनपुटमध्ये कसं असेल? बायोस्फिअरच्या पॅनलवर सीओटू ॲब्सॉर्प्शन नावाचा स्लायडर आहे, तो जरासा खाली घे. जरासा म्हणजे जरासाच. नाहीतर जिओस्फिअरमध्ये व्होल्कॅनिक ॲक्टिव्हिटी थोडी वाढव म्हणजे ज्वालामुखी सीओटू परत हवेत सोडतील. आणि मग हात मागे घेऊन बसायचं. एकदा हलवलं की त्याचा परिणाम पूर्ण दिसेपर्यंत दुसरं काही हलवायचं नाही, ही एवढी सवय लावलीस तरी ग्रह जगतो.

सोलर इनपुटला तर हातच लावू नकोस. सूर्य आपोआप तापत जातो या गेममध्ये, ग्रहाचं आयुष्यच १० अब्ज वर्षांचं धरलंय, नंतर सूर्य फुगून सगळा खेळ खल्लास. आज थंडी घालवायला तू सूर्य वाढवून ठेवलास की पुढची काही कोटी वर्षं तोच तुला भाजणार.

शिकेपर्यंत एक्सपेरिमेंटल मोडमध्ये खेळ, तिथे ओमेगा एनर्जी संपत नाही. बाकीच्या मोडमध्ये प्रत्येक गोष्टीला एनर्जी मोजावी लागते आणि घाबरून स्लायडर हलवणारा माणूस तिथे लवकर कंगाल होतो.

---

अल्बेडो_ताई

जुना_डॉसनी बरोबर सांगितलंय, मी फक्त त्या "तरी ढिम्म, आणि मग एकदम" या भागाबद्दल लिहिते कारण गेममधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट तीच आहे आणि ती बग नाहीये.

बर्फ पांढरा, समुद्र काळपट. उघडा समुद्र त्याच्यावर पडलेल्या उन्हातलं बहुतेक सगळं गिळतो, बर्फ त्यातलं निम्म्याहून जास्त परत फेकतो. म्हणजे थोडी थंडी पडली, बर्फ थोडा पसरला, तर ग्रह अजून ऊन परत फेकायला लागतो, म्हणून अजून थंडी, म्हणून अजून बर्फ. एका मर्यादेपलीकडे हे थांबतच नाही, धाडकन विषुववृत्तापर्यंत जातं. १९६९ साली बुडिको आणि सेलर्स या दोघा हवामानशास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून हे गणितात दाखवलं होतं. आणि यातली मेख अशी की जाण्याचा रस्ता आणि परतीचा रस्ता एकच नाही. ज्या उन्हात ग्रह गोठला तेवढं ऊन परत दिलं तरी तो वितळत नाही, कारण आता तो पांढरा झालाय. त्याला बाहेर काढायला खूप जास्त गरमी लागते. आणि एकदा बर्फ फुटला की ती सगळी जास्तीची गरमी काळ्या समुद्रावर येऊन पडते. तुझे मासे तिथेच गेले.

पृथ्वीवर हे खरंच होऊन गेलंय. साधारण ७२ कोटी ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात दोनदा मोठं हिमावरण आलं, स्नोबॉल अर्थ म्हणतात त्याला, बर्फ विषुववृत्ताजवळ पोचला होता. बाहेर कशी आली पृथ्वी? तेव्हा कोणी स्लायडर फिरवायला नव्हतं. बर्फाखाली खडक झाकले गेले, पाऊस जवळपास बंद, त्यामुळे हवेतला सीओटू धुऊन नेणारं काही उरलं नाही, पण ज्वालामुखी काही थांबले नाहीत. लाखो वर्षं सीओटू साचत साचत इतका झाला की शेवटी बर्फ हरला.

नेहमीच्या काळात हीच यंत्रणा थर्मोस्टॅटसारखी चालते. पावसात सीओटू विरघळून सौम्य आम्ल होतं, ते सिलिकेटचे खडक झिजवतं, त्यातलं कॅल्शिअम नद्यांमधून समुद्रात जातं, तिथे चुनखडी होऊन तळाला बसतं, प्लेट सरकल्या की खाली जातं आणि ज्वालामुखीतून परत वर येतं. गरम झालं की पाऊस आणि झीज वाढते, सीओटू कमी होतो, थंड होतं. थंड झालं की उलट. पण याला लाखो वर्षं लागतात, म्हणूनच घाई करणाऱ्याला ते दिसत नाही. आता गेमची पॅनल्स परत उघडून बघ, रेनफॉल एका ठिकाणी, इरोजन दुसरीकडे, व्होल्कॅनिक ॲक्टिव्हिटी, काँटिनेंटल ड्रिफ्ट. सुट्टे सुट्टे स्लायडर वाटतात, पण हे एकाच साखळीचे तुकडे आहेत.

आणि रँडम ग्रह बंद कर आधी. सिनारिओमधला डेझीवर्ल्ड उघड. सगळ्यात सोपा आहे आणि सगळा गेम त्याच्यात आहे.

---

सरळसोट

मी इथे जरा थंड पाणी ओततो.

ताईंनी छान समजावलं, वाचायला मजा आली, पण बघा ना, हे सगळं समजायला खेळणाऱ्याला आधी हवामानशास्त्र यायला लागतंय. सिमसिटीत रस्ता नसेल तर घरं होत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं, टॅक्स वाढवला की लोक बोंबलतात हेही कळतं. कारण आणि परिणाम समोरासमोर. सिमअर्थमध्ये तुम्ही क्लाउड अल्बेडो (ढग किती ऊन परत फेकतात ते) दोन टिचक्या वर केला तर काय होईल? कोणालाच माहीत नाही. झालं तर ते त्याच्यामुळेच झालं का? तेही माहीत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काहीच केलं नाही तरी ग्रह बरेचदा आपला आपण नीट चालतो. मग मी कशाला आहे तिथे?

विल राइट स्वतः आपल्या प्रोग्रॅमना गेम नाही, सॉफ्टवेअर टॉय म्हणायचा. खेळणं म्हणून ठीक आहे, स्क्रीनसेव्हर म्हणून तर उत्तमच. गेम म्हणून मला विचाराल तर फसलेला आहे.

आणि विज्ञान म्हणाल तर गेमच्या मुळाशी शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉकची गाया कल्पना आहे, तो सल्लागार होता आणि मॅन्युअलची प्रस्तावनाही त्याचीच आहे. म्हणजे पृथ्वीवरचं जीवन मिळून पृथ्वीला राहण्याजोगी ठेवतं वगैरे. त्यावर १९८० च्या आसपासच डूलिटल आणि डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञांनी सरळ विचारलं होतं की ग्रहांना पिल्लं होत नाहीत, ग्रहाग्रहांत स्पर्धा होऊन चांगला ग्रह निवडला जात नाही, मग "स्वतःला सांभाळणारा ग्रह" उत्क्रांतीने तयार होईल कसा? झाडाला काय पडलंय वातावरणाचं?

---

अल्बेडो_ताई

@सरळसोट झाडाला काही पडलेलं नाही, आणि डेझीवर्ल्ड त्याच प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. १९८३ मध्ये वॉटसन आणि लव्हलॉक यांनी पेपर काढला तो यासाठीच.

एक ग्रह घ्या, त्यावर फक्त दोन जातीची फुलं. काळी डेझी आणि पांढरी डेझी. दोघींना २२.५ अंशाला सगळ्यात छान वाटतं, ५ च्या खाली आणि ४० च्या वर दोघी मरतात. फरक एवढाच की काळी ऊन गिळते आणि स्वतःभोवतीची जागा गरम करते, पांढरी परत फेकते आणि गार ठेवते. सूर्य हळूहळू तापतोय. सुरुवातीला थंडी असते म्हणून काळ्यांचं फावतं, त्या पसरतात, त्यांच्या पसरण्यानेच सगळा ग्रह गरम होतो. मग सूर्य तापतो तसं काळ्यांना उकडायला लागतं, पांढऱ्या पुढे येतात, ग्रह गार राहतो. सूर्य वाढतच चाललाय पण ग्रहाचं तापमान खूप मोठा काळ जवळपास सपाट, उलट किंचित खालीच येतं. एकाही फुलाने ग्रहाचा विचार केला नाही. प्रत्येकीने आपापल्या पायाखालचं बघितलं.

आणि मग शेवट येतो तो मातीचा_गोळा यांच्या कामाचा आहे. सगळा ग्रह पांढऱ्या फुलांनी भरला की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. सूर्य अजून थोडा तापतो आणि सगळी फुलं एका झटक्यात मरतात. हळूहळू नाही, एका झटक्यात. तोपर्यंत ग्राफ इतका शांत असतो की संकट जवळ आलंय याची त्यावर खूणही नसते. आणि परत सूर्य तेवढाच कमी केला तर फुलं येत नाहीत, बराच मागे न्यावा लागतो. म्हणून म्हणते की सपाट ग्राफ बघून निर्धास्त होऊ नका, सपाट ठेवण्यासाठी आत किती जोर लागतोय ते बघा. गेममध्ये सोलर इनपुट टप्प्याटप्प्याने वाढवत डेझींचे रंग बदलताना बघा, तिथे तो स्लायडर हलवायला परवानगी आहे 🙂

---

सरळसोट

डेझीवर्ल्ड मला माहितीये ताई. पण त्यात मुद्दाम असं मांडलंय की जे फुलाच्या फायद्याचं तेच ग्रहाच्या फायद्याचं. काळी डेझी थंडीत स्वतःला गरम करते आणि ग्रहालाही गरम करते, दोन्ही एकाच दिशेने. दुसरं उदाहरण घ्या ना. साधारण २.४ अब्ज वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन सोडून सोडून हवा बदलून टाकली. तो ऑक्सिजन तेव्हाच्या बाकी जीवांसाठी विष होता. त्याच सुमाराला मोठं हिमयुगही आलं, आणि बऱ्याच जणांचं म्हणणं आहे की ऑक्सिजनने हवेतला मिथेन संपवला आणि पांघरूण गेलं. म्हणजे जीवनाने ग्रह सांभाळला नाही, जवळपास मारलाच.

---

अल्बेडो_ताई

हे मान्य. पूर्ण मान्य. म्हणूनच मला डेझीवर्ल्ड "पृथ्वी अशी चालते" म्हणून नाही तर "असं होऊ शकतं, आणि त्याला कुणी देखरेख करायची गरज नाही" एवढ्यासाठीच आवडतं. आणि मजा म्हणजे गेम स्वतः तुमच्या बाजूने आहे, मातीचा_गोळा यांच्या झाडांनीच सीओटू खाऊन ग्रह गोठवला की नाही? लव्हलॉकचं नाव मॅन्युअलमध्ये असूनही सिम्युलेशन त्याची री ओढत नाही.

"मी कशाला आहे तिथे" या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तो आवडीचा भाग आहे. मला बघायला आवडतं.

---

रिकामटेकडा_गुरू

एवढं डोकं लावण्यापेक्षा नवीन काहीतरी खेळा की. स्पोर आहे २००८ चा, त्याच विल राइटचा, पेशीपासून अंतराळापर्यंत.

---

जुना_डॉस

@गुरू स्पोर मी खेळलोय, प्राणी बनवायचा भाग झकास आहे, त्याला सहा पाय लाव, शेपटीला डोळे लाव, हसून मेलो. पण ग्रह म्हणून तिथे काही नाही रे. तिथे तू एका प्राण्याच्या मागे असतोस, ग्रह म्हणजे नुसतं स्टेज. इथे ग्रह हेच पात्र आहे. ईको नावाचा गेम बघ, तो २०१८ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला, त्यात जंगल तोडलंत, प्रदूषण केलंत तर परिणाम होतात आणि सगळ्यांनी मिळून उल्का यायच्या आत तोडगा काढायचा असतो. कल्पना जवळची आहे पण तिथेही तू जमिनीवर कुऱ्हाड घेऊन उभा असतोस. नुसतं गणित बघायचं असेल तर युनिव्हर्स सँडबॉक्स आहे, त्यात जीवन नाही. सगळं एकत्र असं सिमअर्थनंतर कोणी धड केलेलं मी तरी बघितलं नाही.

---

मातीचा_गोळा

सगळ्यांना धन्यवाद, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

स्पीड कमी केला, डेझीवर्ल्ड बघितला (ताई ते एका झटक्यात मरणं खरंच भयानक आहे, मी ग्राफ बघून आरामात बसलो होतो), मग नवीन ग्रह घेतला आणि जुना_डॉस भाऊंनी सांगितलं तसं सीओटूवर नजर ठेवून बसलो. बर्फ खाली यायला लागला तेव्हा हात शिवशिवत होते पण फक्त ज्वालामुखी थोडे वाढवले आणि थांबलो. आणि चक्क थांबला की बर्फ! परत थोडा मागे गेला.

आता गंमत ऐका. मी वाट बघत होतो की सस्तन प्राणी येतील आणि हुशार होतील, पण माझ्या ग्रहावर मॉलस्क हुशार झालेत. म्हणजे ऑक्टोपस-गोगलगायवाले. शहरं बांधलीत त्यांनी, पाषाणयुग, कांस्ययुग, लोहयुग सगळं पार केलं आणि औद्योगिक युगात पोचले. मी जाम खूश. आणि आता ते एकमेकांशी सारखे लढतायत. युद्धाचा ग्राफ वर, साथीचे रोग वर, तापमान परत वर. रिपोर्ट विंडो उघडली की नुसत्या तक्रारी. घड्याळ पण आता वेगळंच चालतं, आधी कोट्यवधी वर्षं भर्रकन जायची, आता वर्षावर्षाने सरकतंय.

याला काय करायचं? सगळी एनर्जी सायन्सला देऊन पटकन पुढच्या युगात ढकलू का? आणि सस्तन प्राण्यांना चान्स द्यायचा असेल तर मोनोलिथ (एखाद्या जातीची उत्क्रांती पुढे ढकलणारं गेममधलं साधन) टाकू का एखादा?

---

जुना_डॉस

मॉलस्क म्हणजे नशीब काढलंस! बरेच जण त्याच्यासाठी मुद्दाम प्रयत्न करतात. गेममध्ये माणसाला काही खास जागा नाही, मासे, किडे, डायनॉसोर, देवमासे, कोणीही हुशार होऊ शकतं. अगदी कार्निफर्न पण, म्हणजे चालणाऱ्या मांसाहारी वनस्पती. पण एका वेळी एकच जात हुशार, त्यामुळे मॉलस्क आहेत तोवर सस्तन प्राण्यांवर मोनोलिथ वाया घालवू नकोस.

घड्याळाचं बरोबर आहे, चार काळ आहेत, जिओलॉजिक, इव्होल्यूशन, सिव्हिलायझेशन आणि टेक्नॉलॉजी, आणि प्रत्येक पुढच्या काळात वेळ हळू होत जातो. औद्योगिक युग आलं की टेक्नॉलॉजी. हे चांगलंय कारण इथे गोष्टी वेगाने बिघडतात.

सायन्समध्ये सगळं ओतायचं नाही! सिव्हिलायझेशनच्या पॅनलवर दोन भाग आहेत. एकात मॉलस्क एनर्जी कुठून मिळवणार, जैविक, सूर्य-वारा, पाणी-भूऔष्णिक, खनिज इंधन, अणू. दुसऱ्यात ती कुठे खर्च करणार, फिलॉसॉफी, सायन्स, शेती, वैद्यक, कला. नवीन खेळणारा फिलॉसॉफीकडे बघतच नाही, त्याला वाटतं हा सजावटीचा स्लायडर आहे. युद्ध त्यानेच कमी होतं. साथी वैद्यकाने कमी होतात. सायन्स एकटं वाढवलंस तर हातात अणू आलेले भांडखोर मॉलस्क तयार होतील, मग अणुयुद्ध, मग धूळ आणि परत ताईंचा बर्फ.

मी असं करेन, फिलॉसॉफी आणि वैद्यक आत्ता चढव, सायन्स मध्यावर ठेव, खनिज इंधनाचा स्लायडर खाली आणत सूर्य-वारा आणि पाणी वर. एकदम शून्य नको करू. एनर्जी अचानक कमी पडली तर उपासमार होते आणि उपाशी लोक जास्त लढतात. तापमानासाठी ॲटमॉस्फिअरच्या पॅनलला हात लावू नको. गरमी त्यांच्या धुरातून येतेय, धूर कमी झाला की बघू.

---

अल्बेडो_ताई

एक भर घालते. या टप्प्यावर ज्वालामुखी परत मूळ जागी आणा, मघाशी वाढवले होते ना ते. थंडीसाठी केलेला उपाय तसाच राहिला आणि वर मॉलस्कांचे कारखाने, असं दुप्पट होतंय कदाचित.

आणि जंगलं तपासा, बायोम (जंगल, वाळवंट असे जमिनीचे प्रकार) रेशोच्या ग्राफवर. शहरं वाढली की जंगल घटतं, मग सीओटू खाणारंही कमी होतं. मघाशी जी झाडं तुमची डोकेदुखी होती त्यांचीच आता गरज आहे. एक्सपेरिमेंटल मोडमध्ये असाल तर हाताने बायोम टाका, पण जिथे पाऊस आणि तापमान जुळतंय तिथेच, वाळवंटात जंगल टाकलं तर टिकत नाही. ऑक्सिजनवरही लक्ष असू द्या, फार वाढला तर जंगलांना आगी लागतात. आपल्याकडे हवेत २१ टक्के आहे, त्याच्या आसपास असेल तर बरं.

---

सरळसोट

हे वाचून मी पण परत इन्स्टॉल केला, हसू नका. मंगळाचा सिनारिओ घेतलाय. सीओटू जनरेटर टाकले, व्हेपरेटर (हवेत वाफ सोडणारे) टाकले, गरम व्हायला लागलंय. ऑक्सिजनेटर टाकू का आत्ताच?

---

जुना_डॉस

आला का जाळ्यात!

ऑक्सिजनेटर आत्ता नको. आधी पांघरूण जाड होऊ दे. खऱ्या मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्यापेक्षाही कमी आहे, हवेत ९५ टक्के सीओटू असूनही ती इतकी विरळ की उब धरत नाही. मग पाणी राहायला लागलं, समुद्र दिसायला लागले की साधे एकपेशीय जीव समुद्रात सोड. ऑक्सिजन त्यांना बनवू दे, फुकटात बनवतात. प्राणी अगदी शेवटी. घाई करून आधीच हरणं सोडलीस तर ती मरतात आणि एनर्जी गेली ती गेलीच. आणि शुक्राचा सिनारिओ याच्या बरोबर उलटा आहे, खऱ्या शुक्रावर दाब पृथ्वीच्या नव्वद पटीच्या वर आणि पृष्ठभाग साधारण ४६० अंश, तिथे पांघरूण काढायचं असतं आणि ते चढवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. मंगळ झाल्याशिवाय तिकडे फिरकू नकोस.

---

सरळसोट

ठीके. पण तरी तो गेम नाही, टॉयच आहे 😄

---

मातीचा_गोळा

अपडेट: युद्ध जवळपास थांबलंय. फिलॉसॉफी चढवली आणि खरंच ग्राफ उतरला. ज्वालामुखी मागे घेतले (ताई, ते मी साफ विसरलो असतो). मॉलस्क अणुयुगातून इन्फर्मेशन युगात गेले, आता नॅनोटेक आलंय. गायाची विंडो परत उघडली, बाई हसतेय. डोळ्यावर क्लिक केलं तर ओरडते मात्र.

आता पुढे काय होतं? संपतो का गेम?

---

जुना_डॉस

नॅनोटेक नीट पार पडलं तर एक्सोडस होतो. सगळी शहरं ग्रह सोडून अंतराळात निघून जातात आणि मागे ग्रह अभयारण्य म्हणून राहतो, मॉलस्क परत येत नाहीत. पण गेम तिथे संपत नाही, सूर्य संपेपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात दुसरी एखादी जात हुशार होऊ शकते. तेव्हा टाक तुझा सस्तन प्राण्यांसाठी मोनोलिथ.

एक खोडसाळपणा सांगून ठेवतो. एक्सोडस व्हायच्या आधी नॅनोटेकच्या शहरावर अणुस्फोट टाकलास तर तिथून रोबोट तयार होतात, जिवंत जातीसारखे पसरतात, कुठल्याही हवामानात टिकतात आणि बाकी सगळ्यांना खाऊन टाकतात. बघण्यासारखं आहे, पण आधी सेव्ह कर, आणि वेगळ्या नावाने कर.

---

मातीचा_गोळा

सेव्ह केलंय, दोन नावांनी. टाकतोय बॉम्ब.